गडव्याचं इंजिन

जगदेव टिनवाल्याशी आगगाडीवरून वाद घालायचा नाही, हे वाशीम टेसनाच्या रस्त्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. कंदिलाला डाग देऊन, झाळून घ्या, रॉकेल ओतायची चाडी, म्हणजे नरसाळं, करून घ्या आणि निमूट घरी जा. गाडीचा विषय काढलात की तुमचा कंदील राहिलाच बाजूला. हातातली कात्री खाली ठेवून गडी विचारणार, "पुरी गाडी कधी पाह्यली काय तुमी?"

आता गाडी पाहिली नाही असा वाशीमात कोण असेल? पण जगदेवचं म्हणणं निराळं. डब्यात बसलेल्याला समोरचं बाकडं दिसतं, ड्रायव्हरला पुढचा रूळ, गार्डाला मागचा. फाटकावर उभं राहावं तर डोळ्यांपुढून काहीतरी काळं धाडधाड जातं आणि मागं धूर उरतो. वळणावर सारी गाडी कशी झुकते, सांध्यावर कोणतं चाक आधी वळतं, हे पाहायचं तर गाडी लहानच करावी लागते. मोठी गाडी बसायसाठी आणि लहान गाडी पाहासाठी, असं तो सांगे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राही. समोरचा बिचारा मान हलवी, कारण कंदील अजून त्याच्या हातात यायचा असे.

हे वेड उगीच नव्हतं लागलं. जगदेवचा बाप गावची येसकरकी, वेशीची राखण, करायचा. छप्पन साली धम्म घेतला त्या दिवशी त्यानं येसकराची काठी टाकली, ती पुन्हा उचलली नाही, आणि पोराला अकोल्याला एका उस्तादाकडे टिनकाम शिकायला पाठवलं. पोरगं शिकलंही. पण त्याचं सारं चित्त तिथल्या इंजिनांच्या शेडकडे. विसाव्या वर्षी खलाश्याच्या भरतीला उभा राहिला. अंगानं दणकट, हात कसबी, सगळ्यात पास. शेवटी डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांची चोपडी पुढं केली. जगदेवला त्यात नुसते ठिपके दिसले. तांबडा आणि हिरवा यांतला फरक आपल्याला कळत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं. ज्याला शिंगल ओळखू येत नाही त्याला रेल्वेत कोण घेणार? ज्या गाडीनं गेला त्याच गाडीनं परत आला.

मग त्यानं आपली लाईन आपणच टाकली. दुकानामागच्या अंगणात चाळीस हात रूळ, पत्र्याच्या पट्ट्या उभ्या धरून झाळलेले. रुळाखाली कडूलिंबाच्या लाकडाचे सिलपट, एकेक मोजून. इकडच्या टोकाला वाशीमचं टेसन, तिकडे जऊळक्याचं. शिंगलाचे हात रंगवताना तेवढी बायको लागे. कस्तुराबाई किन्हीराजा गावची, बोलायला मोजकी. हा तांबडा, हा हिरवा, असं सांगून ती रंगाची डबी त्याच्या हातात देई, आणि जगदेव ती उजवीडावीकडे ठेवून ध्यानात धरी. इंजिन मात्र जुन्या घड्याळाच्या चावीवर चालायचं. ही गोष्ट त्याला आतून डाचत होती, पण तो बोलून दाखवत नसे.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात रेल्वेचा संप झाला आणि आपल्या मीटर गेजवर गाडी दिसेना. अहो, केवढं चमत्कारिक वाटायचं ते! टेसनासमोरच्या नानाजीच्या हाटेलात सकाळच्या गाडीवर पहिला घाणा निघायचा. आता भजे कधी तळायचे तेच नानाजीला कळेना. रिकामी माणसं जगदेवच्या अंगणात येऊन बसू लागली. एक जण हाटेलात बोलून गेला की आजच्या घडीला वाशीमात चालू असलेली गाडी एकच, ती जगदेवची. सगळे हसले. कोपऱ्यात बसलेले मदनसिंग हसले नाहीत.

मदनसिंग म्हणजे तीस वर्षं याच लाईनीवर इंजिन हाकलेले ड्रायव्हर. रिटायर होऊन वाशीमलाच राहिले होते. मिशा पांढऱ्या, पण पीळ जुनाच. इतक्या वर्षांत त्यांनी जगदेवच्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं. त्या दिवशी कपातला चहा अर्धा टाकून ते तरातरा आले. गाडी फिरताना पाहिली. चावी संपली तशी गाडी मधेच थांबली, आणि जगदेवनं ती उचलून पुन्हा चावी भरली. मदनसिंग एवढंच पाहायला थांबले असावेत.

"हे खेळणं हाय," ते म्हणाले. "जे हातानं उचलून ठेवता येते, ते इंजिन नाई. आमची चूक झाली तं माणसं मरतात, जगदेव. तुही चूक झाली तं तू उचलून ठेवतं."

अंगणातले सगळे जगदेवच्या तोंडाकडे पाहू लागले. मनातून त्याला ते पटलं होतं, आणि पटलं होतं म्हणूनच झोंबलं होतं. इतकी वर्षं तो जगाला पुरी गाडी दाखवत होता आणि त्या गाडीला स्वतःचा जीवच नव्हता. त्यानं कात्री उचलली, खाली ठेवली. मग म्हणाला की आठ दिवस द्या. वाफेवर चालवून दाखवतो. सहा डब्यांत दोन किलो सरकी भरून, जऊळक्याकडं खऱ्या लाईनीला जेवढा चढ आहे तेवढाच चढ करून. गाडी इथून सुटली की वर पोहोचेस्तोवर तिला हात लावायचा नाही.

"हात लागला तं खेळणं, नाई लागला तं गाडी," तो म्हणाला. "हारलो तं याच कात्रीनं तिच्या चाड्या करीन आणि पुन्हा गाडीचं नाव काढणार नाई. चढली, तं तुमी नानाजीच्या हाटेलात सगळ्यायसमोर तिले इंजिन म्हना."

मदनसिंगांनी मिशीवरून हात फिरवला आणि कबूल केलं. खऱ्या चढाच्या पाटीवरचा आकडा त्यांना तोंडपाठ होता. दुसऱ्या दिवशी स्वतः दोरी घेऊन आले आणि चढ मापून गेले.

आता पंचाईत होती बॉयलरची. सायकलच्या पंपातून कापलेला दट्ट्या आणि नळी जगदेवनं दोन वर्षांपूर्वीच बसवून पाहिली होती. चाकंही होती, पत्र्याच्या चकत्या एकावर एक झाळून केलेली. पण पत्र्याचा बॉयलर म्हटला की त्याला लांबच्या लांब जोड आला, आणि वाफ चढली की जोड फाटायचा. तीन केले, तिन्ही फाटले. तिसरा तर असा फाटला की शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, आणि ती आणायला जगदेवलाच जावं लागलं. आठांतले पाच दिवस गेले. कथिलाचा वास अंगाला बसला, जेवणावरून मन उडालं. आयुष्यात एकदा नापास झालेला माणूस तो. दुसऱ्यांदा नापास व्हायची भीती काय असते ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

सहाव्या दिवशी सकाळी कस्तुराबाईनं त्याच्यापुढे पितळेचा गडवा ठेवला. लग्नात किन्हीराजाहून आणलेला, घरातलं एकुलतं एक भारी भांडं. जगदेवला वाटलं, पाणी प्यायला दिला. तर तो रिकामा.

"याले जोडच नाई," ती म्हणाली. "तोंड तेवढं बंद करा."

जगदेव गडव्याकडे पाहतच राहिला. एवढी वर्षं तो रोज त्यातून पाणी पीत आला होता, आणि त्या भांड्याला पोटावर कुठंच सांधा नाही हे त्याच्या टिनकामाच्या डोळ्याला कधी दिसलं नव्हतं! तो नाही म्हणाला. माहेरचं भांडं आहे, फुकट जाईल म्हणाला. तिनं बजावलं की हा गडवा इंजिनापायी आहे, चाडीपायी नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि ती भाकरी थापायला निघून गेली.

गडवा आडवा निजवून, तोंडाला चकती झाळून, खाली रॉकेलच्या दोन वाती लावून इंजिन उभं राहिलं. ढेरपोटं दिसायचं, काय सांगावं! पण एक भ्या होतं. तोंडाची चकती कथिलानंच झाळलेली. पाणी आहे तोवर ठीक. पाणी आटलं की कथिल वितळून चकती उडणार. म्हणजे चढावर गाडी रेंगाळली तर खेळ खलास.

आठव्या दिवशी सकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. नानाजी हाटेल बंद करून आला होता. जगदेवनं धुतलेला सदरा घातला होता. पाहुणे यायच्या आत त्यानं सारा रूळ घासून लखलखीत केला होता आणि त्यावरून तेलाचं फडकं फिरवलं होतं. हा टिनकाम्याचा जुना शिरस्ता: गिऱ्हाइकाच्या हाती वस्तू देण्याआधी तेलाचा हात द्यायचा, म्हणजे ती चमकते आणि गंजत नाही. उस्तादानं शिकवलेलं. हात आपोआप चालले, डोक्यानं विचारच केला नाही.

वाती पेटल्या. गडवा गुणगुणायला लागला. दट्ट्या हलला, आणि गाडी सहा डबे आणि सरकी घेऊन आपल्या पायांनी निघाली. सपाटीचे वीस हात अशी गेली की लोक उठून उभे राहिले. कस्तुराबाई दारात पदर तोंडावर धरून उभी होती. चढ लागला. दोन हात वर गेली, चार हात गेली, आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली.

गरगर फिरताहेत, पण गाडी पुढं सरकत नाही. तेल! जगदेवला सकाळचं फडकं आठवलं. आपणच, आपल्या हातानं, फडकं मारून आपली गाडी बुडवली. दट्ट्या धडपडत होता, वाफ फुकट जात होती, आणि गडव्यातलं पाणी घटकेघटकेला कमी होत होतं. एका बोटाचा नेट पुरला असता. लोक ओरडू लागले, अरे लाव बोट, लाव. जगदेवनं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले. उडाला गडवा तर उडो. पण हात लावायचा नाही.

आणि तेवढ्यात मदनसिंग उठले. उठले म्हणजे काय, सत्तरीकडं झुकलेला माणूस खुर्ची उलटी पाडून धावला. चुलीशेजारी भांडी घासायची रेती होती, तिची मूठ भरून घेतली, चढाशी गुडघ्यावर बसले आणि इंजिनाच्या चाकांपुढं रुळावर चिमटीनं रेती सोडायला लागले. इकडच्या रुळावर, तिकडच्या रुळावर, बारीक आणि सारखी, खऱ्या इंजिनाची चाकं घसरली की त्याच्या रेतीच्या डब्यातून सोडतात तशी. इंजिनाला त्यांचा हात लागला नाही. तोंडानं मात्र चालू होतं: "धर, धर, रेती धर. उगाच फिरू नोको. हळू घे, बेटा, चढ आपलाच हाय."

चाकांखाली रेती करकरली. चाकं धरली. इंजिनानं एक हिसका दिला, डबे खडखडले, आणि गाडी हातभर सरकली. मग दोन हात. मदनसिंग गुडघ्यांवर सरकत तिच्या पुढं पुढं, धोतर मातीनं माखलं, घाम मिशांवरून टपकतो आहे, त्याचं भान नाही. सरकीचे सहा डबे घेऊन ढेरपोटं इंजिन जऊळक्याच्या पत्र्याच्या टेसनात शिरलं आणि जगदेवनं वाकून, फुंकर घालून वाती विझवल्या. मग जी आरोळी उठली ती टेसनापर्यंत गेली असेल. जगदेव मात्र तिथंच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. कोणाला लाजला नाही.

रिकाम्या लोकांना वाद हवाच असतो. एक जण म्हणालाच की मदनसिंगांनी मदत केली, पैज फसली. दुसरा म्हणाला इंजिनाला हात कुठं लावला. मदनसिंग रेतीचे हात झटकत उभे होते, आपण काय केलं ते आता त्यांच्या ध्यानात येत होतं. जगदेवनं डोळे पुसले आणि उठला.

"उस्ताद," तो मदनसिंगांना म्हणाला, "खेळण्याले कोणी रेती टाकते काय?"

मदनसिंगांनी खुर्ची सरळ करून ठेवली आणि ते घरी निघून गेले. नानाजीला वाटलं म्हातारा रुसला. जगदेवला ती रात्रभर रुखरुख लागली की जिंकलो, पण मोठ्या माणसाला लोकांत खाली पाहायला लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाटेलात गर्दी होती. मदनसिंग आले, पण बसले नाहीत. भट्टीपाशी उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात जगदेवला हाक मारली. जगदेव रस्ता ओलांडून आला, हातात कोणाचातरी अर्धा झाळलेला कंदील. मदनसिंगांनी खिशातून पुडी काढून त्याच्या हातात दिली. तिच्यात चाळून, तव्यावर भाजून कोरडी केलेली रेती होती.

"रेतीचा डबा काहून नाई बसवला?" ते सगळ्यांदेखत तडकले. "तीस वर्षांत असं इंजिन मी शेडच्या बाहीर काढलं नाई. आज बसव. संध्याकाळी पाहासाठी येतो."