जाळीचं धिरडं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मित्रांना तर नाहीच. मित्रांमध्ये माझी ख्याती फटकळ माणूस अशी आहे, जे असेल ते तोंडावर बोलणारा, आणि ती ख्याती सांभाळण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बाजारात समोर आलात तरी ओळखणार नाही. माझं धैर्य म्हणाल तर ते एवढंच.

आणि विषय तरी काय? वॉफल. कबुली द्यायची तर माणसानं काहीतरी भारदस्त कृत्याची द्यावी. माझी न्याहारीची आहे. हसा हवं तर. मीही हसून बघितलं. थोडे दिवस जमलं, मग जमेना.

मी मंगरूळपीरला शाळेत मराठी शिकवतो. मूळ गाव आसेगाव. शेती भावाकडे, आई माझ्याकडे. चौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक लागतात, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मोजणं हा माझा छंद. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम असला की मी मागच्या रांगेत बसतो आणि शेजारच्या खुर्चीकडे तोंड करून हळूच काहीतरी बोलतो. शेजारच्या खुर्चीत बहुतेक वेळा प्रज्ञा मॅडम असायच्या. ओठ न हलवता हसण्याची कला त्यांच्याइतकी कोणाला साधलेली मी पाहिली नाही.

मॅडम आमच्याच शाळेत विज्ञान शिकवतात, आणि घर आमच्या भिंतीला भिंत लागून. यजमानांची बदली अकोल्याला, मुलगी पुण्यात नोकरीला. माहेर इंझोरीचं. त्या बौद्ध, आम्ही आसेगावचे हिंदू शेतकरी — हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आणि मी मात्र वर्षानुवर्षं सांगत आलो की आता त्यावर काही उभं राहिलेलं नाही.

राहिलेलं नाही? गावच्या घरी खिडकीत एक कान तुटलेला कप असायचा. तो कोणासाठी, हे विचारावं लागत नसे. इथे घर बांधलं तेव्हा तो कप मी उकिरड्यावर टाकला आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो. पुढे आईनं कागदी प्लेटा आणि कपांचं पुडकं आणायला सांगितलं. म्हणाली, धुवायची कटकट नको. मी आणलं. संपलं की पुन्हा आणलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी कोणाची बशी धुणं कटकटीचं होतं आणि कोणाची नव्हतं, हे मला दिसत नव्हतं का? मी अलंकार शिकवतो. मला सगळं दिसत होतं.

बरं. वॉफल.

आमच्या मुलीचं पहिलं बाळंतपण होतं म्हणून बायको नागपूरला गेली आणि इकडे आईला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. भाकरी समोर आली की मान फिरवायची. खिचडी, पेज, मुगाचं वरण — मी जमेल तसं करायचो, ती दोन घास घ्यायची आणि ताट बाजूला सारायची. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टर म्हणाले, काहीही खाऊ द्या, पण पोटात जाऊ द्या. रात्री मी तिच्या खोलीच्या दाराशी उभा राहून श्वास चालू आहे का ते ऐकायचो.

शाळेत मॅडमना हे बोललो. त्यांच्या मुलीनं नुकतंच वॉफलचं मशीन पाठवलं होतं. वर-खाली दोन तवे, दोन्हींवर चौकोनी खाचा, मध्ये पीठ ओतायचं नि झाकण दाबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून एक स्टीलचा डबा आला. लग्नात मिळालेला असावा, झाकणावर त्यांचं नाव कोरलेलं. आत चार गरम वॉफलं, तुपाचा नि वेलचीचा वास. मॅडम म्हणाल्या, "आजीले सांगजा सर, अंडं नाई घातलं. दह्यावर केलं. मशीन बी नवीनच हाये, अंड्याचं काईच लागलं नाई तिले."

आई अंडं खात नाही हे त्यांच्या लक्षात होतं. आईचा नेम त्यांनी आईपेक्षा जपला. हा निरोप मी आईला दिला नाही — देणार कसा? निरोप दिला तर निरोप कोणाचा ते सांगावं लागलं असतं. मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डबा रिकामा केला, वॉफलं आमच्या ताटलीत ठेवली, डब्याचं झाकण पालथं घातलं. नाव खाली गेलं. मग ताटली आईकडे नेली.

तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे काय होय रे? जायीचं धिरडं?" एक तुकडा तोडला. मग दुसरा. पूर्ण वॉफल खाऊन तिनं बोट चाटलं आणि विचारलं, "कोनं केलं?"

आता बघा, या ठिकाणी मी थांबलो. नाही म्हणायला अर्धा श्वास थांबलो. ती खात होती हो. कितीतरी दिवसांनी खात होती. खरं बोललो आणि तिनं ताटली सारली तर? हे कारण मी पुढे स्वतःला इतक्या वेळा सांगितलं की ते गुळगुळीत झालं. पण त्या क्षणी माझ्या मनात हे होतं का, की फक्त कटकट नको होती, हे मी आज खात्रीनं सांगू शकत नाही.

"म्या केलं," मी म्हणालो.

त्यानंतर रोज सकाळी डबा येऊ लागला. मी रोज झाकण पालथं घालायचो. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. मी रिकामाच करायचो. घरातलं काही डब्यात घालताना आईनं पाहिलं तर डबा कोणाचा हे विचारलं असतं. मॅडमनी डबा उघडून पाहिला असेलच. एकदाही बोलल्या नाहीत.

आईच्या अंगात जीव आला. ती आधी पलंगावर बसू लागली, मग ओसरीत, आणि ओसरीत बसली की बोलू लागली. कॉलनीतल्या बायका तिला भेटायला यायच्या. लेकानं आजारपणात कशी सेवा केली, बायको घरी नसताना रोज सकाळी उठून विलायती धिरडी कशी केली, हे सांगताना तिला थकवा येत नसे. पुरुषमाणूस असून! बायका माझ्याकडे वळून पाहायच्या. मी मान खाली घालायचो, तर त्याला त्या विनय म्हणायच्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सत्कारांवर हसलो, आणि माझा सत्कार माझ्याच ओसरीत रोज संध्याकाळी होऊ लागला. नारळ तेवढा नव्हता.

मग एक दिवस आई म्हणाली, मशीन दाखव. मॅडमकडे जाऊन म्हणालो, मला शिकायचंय, मशीन दोन दिवस द्या. त्या खूश झाल्या. त्यांच्याच ओट्यावर त्यांनी मला शिकवलं — पीठ जरा वेळ मुरू द्यायचं, तव्याला तूप लावायचं, आणि बाजूनं वाफ यायची थांबल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. मी दोनदा घाई केली, दोन्हीदा वॉफल मधून फाटलं, अर्धं वर अर्धं खाली. त्या खूप हसल्या. तेव्हा मी सांगू शकलो असतो. त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, फाटलेलं वॉफल मी त्यांच्या स्टीलच्या ताटलीत खात होतो. पाहुण्यासाठी काढलेली चांगली ताटली होती ती.

मशीन घरी आलं. आईनं त्याला हळदीकुंकू तेवढं लावलं नाही. आणि मला न विचारता रविवारी सकाळी तिनं कॉलनीतल्या पाच-सहा बायकांना न्याहारीला बोलावलं.

त्या रात्रीबद्दल काय सांगू? परीक्षेचा निकाल लागताना मुलांना काय होत असेल ते मला प्रथम कळलं. वॉफल फाटण्याची भीती होती, पण खरी भीती वेगळी होती — दोन्ही अंगणांमधली भिंत चार फुटांचीच आहे, पलीकडून ओसरी दिसते. सकाळी मॅडमनी भिजवलेलं पीठ डब्यातून दिलं. मी सांगितलं होतं, आईच्या दोन मैत्रिणी येणारेत. मदतीला येऊ का म्हणाल्या. मी नको नको म्हणालो, जरा जास्तच वेळा.

बायका आल्या. मशीन मी ओसरीत मांडलं होतं, आईचीच आज्ञा. पहिलं वॉफल फाटलं. बायका म्हणाल्या, चालायचंच. दुसरं निघालं, अख्खं, बदामी. स्टीलच्या ताटल्या फिरू लागल्या. मला घाम फुटला होता आणि खरं सांगतो, थोडा आनंदही झाला होता. तेवढ्यात फाटक वाजलं. मॅडम वाटीत मध घेऊन आल्या होत्या. पिठासोबत द्यायचा राहिला म्हणून.

आईनं त्यांना प्रेमानंच बोलावलं. हे मी मुद्दाम सांगतो. तिच्या आवाजात काही खोट नव्हती. "ये वो मॅडम, बस. माह्या लेकाच्या हातचं खाऊन पाय." आणि मग मला, त्याच आवाजात, "त्याईले कागदाच्या पलेटीत दे रे."

पुडकं फळीवर होतं. आईनं आणलं नाही. कोणा बाईनं आणलं नाही. मी उठलो, एक प्लेट ओढून काढली, त्यांच्या पिठाचं, त्यांच्या मशीनवरचं, त्यांनी शिकवलेलं वॉफल त्या प्लेटीवर ठेवलं आणि त्यांच्या हातात दिलं. माझ्या हातानं. बाकीच्या ताटल्या त्यांच्या समोरच होत्या.

त्यांनी प्लेटीकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग माझ्याकडे. कोपऱ्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "तुमाले येते का मॅडम असं?"

त्या थांबल्या. माझ्यासाठी थांबल्या, हे मला तेव्हाच कळलं होतं. वर्गात एखाद्या पोराला उत्तर माहीत आहे आणि तो उठत नाहीये, तेव्हा आपण शिक्षक थांबतो ना, तशा. मी काय केलं? मी मशीनकडे वळलो. वाफ येत होती, मी ती फार लक्ष देऊन पाहू लागलो.

"मले कुठचं येते?" मागून त्यांचा आवाज आला. "सराईकडूनच शिका लागन."

बायका हसल्या. आई सगळ्यात जास्त. मॅडमनी वॉफल उभ्यानं, पूर्ण खाल्लं. प्लेट चुरगळून बाहेरच्या बादलीत टाकली, मधाची वाटी ठेवली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मशीन परत द्यायला गेलो. घासूनपुसून नेलं होतं, नव्यासारखं. त्यांनी दारातच घेतलं. मी म्हणालो, वाटी आणि डबा राहिलाय. त्या म्हणाल्या, राहू द्या सर. माफीचे शब्द मला येतात. निबंधात मुलांना लिहून देतो. मी म्हणालो, "वॉफलं छान झाली होती." त्या म्हणाल्या, "हो सर."

भांडण नाही, अबोला नाही. त्या आजही भेटल्या की नमस्कार करतात. फक्त कार्यक्रमात दुसऱ्या रांगेत बसतात, मुख्याध्यापकांच्या मागे. मागच्या रांगेत मी हळूच काही बोललो तर ऐकायला आता क्रीडाशिक्षक असतात, आणि त्यांना विनोद समजावून सांगावा लागतो. एप्रिलातल्या जयंतीला शाळेत भाषण दरवर्षी माझंच असतं. त्याही वर्षी झालं. एकत्र पंगतीबद्दल बोललो, चांगलं बोललो. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांइतक्याच.

बायको नागपूरहून आली, तिनं फळीवर डबा पाहिला, झाकणावरचं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि डबा मागे सारून ठेवला. तो अजून तिथेच आहे. रिकामा परत करता येत नाही, आणि त्यात काय घालावं ते मला सुचलेलं नाही.

आई अजून आहे. चालते-फिरते, ऐकायला चांगलं येतं. मधूनमधून विचारते, ते जाळीचं धिरडं आता काहून करत नाही. मी सांगतो, मशीन जळलं. हे खोटं आहे हे तिला कळायला हवं, कारण जळलेल्या मशीनचा वास अधूनमधून भिंतीवरून येतो. आज रविवार. आज सकाळीही आला, तूप नि वेलचीचा. मी हेच लिहीत बसलो होतो. ओसरीतून आईनं विचारलं, "कोनाघरचा वास येऊन राह्यला रे?"

मी लिहिता लिहिता थांबलो. म्हणालो, "कोन जाने."