झाडूवरसुद्धा नाव

बहारीनमधल्या सनाबिसच्या आमच्या ऑफिसातला स्टोअरकीपर सदा जुन्या ग्रीकांचे व्हिडिओ बघतो आणि जेवताना आम्हाला पिडतो. "स्पार्टात लढाईत मेला, त्याच्याच थडग्यावर नाव कोरायचे. बाकीचे खलास, बिननावाचे!"

स्वतः मात्र खिशात काळा मार्कर घेऊन फिरतो. फ्रीजमधले डबे, हेल्मेटं, अगदी झाडूसुद्धा. कुणाचं ते लिहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

"अहो, हा झाडू कुठल्या लढाईत पडला?" मी विचारतो.

"रोजच्या," म्हणतो, आणि माझ्याच डब्यातलं लोणचं उचलतो.

मागच्या महिन्यात आमचा गुहागरकडचा वेल्डर साइटवर काम करता करता गेला. त्याची शवपेटी विमानात चढवायच्या आधी आम्ही दोघं कार्गोत गेलो. पेटीवर एक कागद चिकटवलेला, त्यावर नुसता आयडी कार्डाचा नंबर. सदानं तो कागद वाचला. मग मार्कर काढून त्यानं पेटीवरच वेल्डरचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, गाव असं ठळक मराठीत लिहिलं.

कार्गोवाला धावत आला. "ये क्या लिखता है?"

"नाम. लड़ाई में गया है."

कुठल्या लढाईत, ते या वेळी मी विचारलं नाही.