पॅनलचा शेवटचा स्क्रू

“ही लाईन इथून कोणी घेतली?” असं इन्स्पेक्टर साहेबांनी विचारलं, तेव्हा मी खरं उत्तर दिलं नाही. उत्तर मला माहीत होतं. ती लाईन मीच घेतली होती.

ही हकीगत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. लायसनधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर म्हणून जळगावात माझी हयात गेली. नव्या वायरमन मंडळींसमोर सुरक्षेवर भाषणं दिली. अपघातांची उदाहरणं दिली, ती सगळी दुसऱ्यांची. हे एक सोडून दिलं. आता वय झालं आहे आणि ज्यांचं नाव खराब झालं त्यांची बाजू मांडणारं कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहितो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. विजेच्या नियमांत एक नवी दुरुस्ती आली. छोटी घरगुती कनेक्शनं सोडून बाकी ठिकाणी ईएलसीबी बसवणं सक्तीचं झालं. ईएलसीबी म्हणजे गळती पकडणारा स्विच. जेवढा करंट मशीनकडे जातो तेवढाच परत यायला हवा. थोडा जरी वाटेत जमिनीकडे, म्हणजे मशीनच्या अंगातून किंवा माणसाच्या अंगातून गळाला, तर हा स्विच क्षणात पडतो आणि लाईन बंद होते. फ्यूजला हे जमत नाही. फ्यूज वितळायला भरपूर करंट लागतो. माणूस मरायला तेवढा लागत नाही.

सर्क्युलर आलं तेव्हा आम्ही कॉन्ट्रॅक्टर लोकांनी कुरकूर केली. एक जण म्हणाला, “आपल्या बापजाद्यांनी अर्थिंगवर दिवस काढले, आता हे नवीन सोंग.” सगळे हसले. मीही हसलो. टेस्ट रिपोर्टमध्ये मात्र नवा रकाना आला. टेस्ट रिपोर्ट म्हणजे काम नियमाप्रमाणे झालं आहे असं आम्ही सही करून लिहून देतो तो कागद. त्याच्यावर कनेक्शन मिळतं. नव्या रकान्यात लिहायचं होतं: सर्व लोड ईएलसीबीमधून जातो का? होय किंवा नाही.

त्याच सुमारास गावाबाहेरच्या एका डाळ मिलचं काम माझ्याकडे होतं. साइटवर माझे वायरमन होते सुकलाल नाना. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, मूळचे पिंपळनेरकडचे. शाळा चौथीपर्यंत. वायरमनचं परमिट त्यांनी चाळिशीत परीक्षा देऊन मिळवलं होतं आणि ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून खिशात ठेवायचे. सरकारने आपल्याला लेखी ओळखलं आहे, याचा त्यांना फार अभिमान होता.

नानांचा एक नियम होता. कोणत्याही पुस्तकात नसलेला. पॅनलचं काम झाल्यावर पुढचा पत्रा लावताना शेवटचा स्क्रू कोण पिळतो, ते ते बघायचे. ज्याचा शेवटचा स्क्रू, त्याचं पॅनल. आतमध्ये काही चुकलं तर तो जबाबदार, मग वायर कोणीही जोडलेली असो. कारण पत्रा लावण्याआधी त्याने आत बघायला हवं होतं. हा नियम माझ्या सगळ्या माणसांनी उचलला होता. शेवटचा स्क्रू हातात आला की पोरं एकमेकांकडे ढकलायची. “तू लाव.” “नाही, तू लाव.” मग आत बॅटरी मारून पुन्हा सगळं तपासलं जायचं. या थट्टेने आमच्या कितीतरी चुका वाचवल्या असतील.

मिल सुरू झाली ती ऐन तुरीच्या हंगामात. पहिल्याच दिवशी ईएलसीबी चार वेळा पडला. दुसऱ्या दिवशी सात वेळा. तो पडला की सगळी मिल थांबायची. मुकादमाने त्याचं नाव रडूबाई ठेवलं. “रडूबाई रडली रे!” अशी आरोळी आली की बाया पाट्या खाली ठेवून बसायच्या.

शेठजी चिडले. “भाऊ, मी मिल काढली की भजनी मंडळ? दर अर्ध्या तासाला टाळी वाजते! बाहेर ट्रक उभे आहेत. काढून टाका ते खेळणं.”

“शेठ, काढता येत नाही. नियम आहे.”

“मग नियमाला सांगा डाळ भरडायला.”

नानांनी एकेक मोटर बंद करून बघितली. डाळ पुढे ढकलत तिला पाणी चोळणारा एक स्क्रू कन्व्हेअर होता. त्याची मोटर चालू असली की रडूबाई पडायची. पण प्रत्येक वेळी नाही. ओल चढली की पडायची, वाळली की गप्प. नाना मला बाजूला घेऊन त्यांच्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, ती रडस म्हंजे तिले कोठे तरी दुखी ऱ्हायनं. मोटर सोडीसन, केबल काढीसन देखूत. दोन दिन द्या.”

ती रडते म्हणजे तिला कुठेतरी दुखतंय. निदान अगदी बरोबर होतं. आज मी हे वाक्य कोणत्याही अभ्यासवर्गाच्या पहिल्या पानावर लिहीन. त्या दिवशी मी म्हणालो, “नाना, दोन दिवस शेठ देणार नाहीत.”

शेठजींनी अर्धा दिवसही दिला नाही. म्हणाले, “आज संध्याकाळपर्यंत मिल न थांबता चालली पाहिजे. नाहीतर मी दुसरा कॉन्ट्रॅक्टर बोलावतो. आणि शिरपूरचे माझे व्याही कापसाचं जिनिंग टाकतायत, त्यांनाही तसं कळवतो.”

शिरपूरचं ते जिनिंगचं काम मला हवं होतं. तेव्हाच्या माझ्या कामांपेक्षा ते फार मोठं होतं. शेठजींना हे ठाऊक होतं.

मी पॅनलसमोर उभा राहिलो आणि एक युक्ती काढली. युक्ती म्हणजे काय, चोरीच. सगळा लोड ईएलसीबीमधून राहू द्यायचा. फक्त त्या एका कन्व्हेअरची लाईन ईएलसीबीच्या आधीच्या बाजूने घ्यायची. रडूबाईला ती मोटर दिसणारच नाही. कोणी टेस्टचं बटन दाबलं तरी स्विच पडेल, दिवे जातील, बाकीची मिल थांबेल. कोणालाही शंका येणार नाही.

“नाना, ही लाईन वरून घ्या.”

नानांनी पकड खाली ठेवली. “मी जोडाव नही, भाऊ.”

“दोनच दिवसांचा प्रश्न आहे. रविवारी मिल बंद असते, तेव्हा मोटर खोलू.”

“मंग रविवारलोंग तो कन्व्हेअर बंद ठेवा.”

“नाना, कॉन्ट्रॅक्टर कोण आहे? मी की तुम्ही?”

माझ्याच माणसांसमोर मी हे बोललो. मी सप्लाय बंद केला, स्वतः पकड घेतली आणि लाईन जोडली. दहा मिनिटांचं काम. सप्लाय चालू केला. मिल धडधडायला लागली आणि थांबली नाही. शेठजींनी चहा मागवला. कनेक्शन तोवर तात्पुरतं होतं, ते पक्कं करायचा टेस्ट रिपोर्ट अजून द्यायचा होता. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि त्याच्या नव्या रकान्यात ‘होय’ लिहून सही केली.

पॅनल तसंच उघडं होतं. आत जिवंत बसबार, म्हणजे उघड्या पट्ट्या, ज्यांतून सगळ्या मिलचा करंट जातो. समोरून बाया पाट्या घेऊन ये-जा करत होत्या. मी चहा पिऊन बाहेर आलो तर पत्रा लागलेला होता. नाना स्क्रू-ड्रायव्हर पुसत होते. मला तेव्हा एवढंच वाटलं, चला, राग गेला म्हाताऱ्याचा.

पहिल्या रविवारी शेठजींनी हंगाम आहे म्हणून मिल चालू ठेवली. दुसऱ्या रविवारी माझ्या नात्यात लग्न होतं, चाळीसगावला. नानांनी दोनदा आठवण केली. दुसऱ्यांदा मी त्यांच्यावर खेकसलो. तिसरा रविवार आलाच नाही.

चैत्रातली दुपार होती. इंदूबाई नावाची कामगार कन्व्हेअरच्या तोंडाशी अडकलेली ओली डाळ हाताने मोकळी करत होती. पाय ओल्या फरशीवर. मोटरच्या डब्यात पाणी झिरपून आतल्या वायरचं वेष्टन कुजलं होतं आणि सगळा कन्व्हेअर जिवंत झाला होता. अर्थिंग होतं, पण नावाला. उन्हाळ्यात आमच्याकडची जमीन भाकरीसारखी कोरडी होते. अर्थिंगच्या खड्ड्याला टेस्टच्या आदल्या दिवशी पाणी पाजायचं, मिठाचं, म्हणजे रीडिंग छान येतं, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड. त्या खड्ड्याला नंतर कोणी पाणी पाजलं नव्हतं. फ्यूज गेला नाही. रडूबाई रडली नाही. तिला ती मोटर दिसतच नव्हती.

मुकादमाने लाकडी फळीने इंदूबाईंना बाजूला ढकललं म्हणून त्या वाचल्या. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

धुळ्याहून वीज खात्याचे इन्स्पेक्टर साहेब आले. शांत माणूस. त्यांनी टेस्टचं बटन दाबलं. स्विच पडला, दिवे गेले. मग त्यांनी कन्व्हेअरच्या लाईनवर टेस्टर लावला. टेस्टरचा दिवा लागला, म्हणजे ती लाईन अजून जिवंत होती. त्यांनी पॅनलचा पत्रा काढायला लावला आणि पाचच मिनिटांत त्यांना ती लाईन सापडली.

“ही लाईन इथून कोणी घेतली?”

शेठजी माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, “साहेब, साइटवर रोज आमचे वायरमन सुकलाल नाना असतात.”

प्रत्येक शब्द खरा होता. असं खोटं बोलायला शिकायला लागतं. मी ते त्याच क्षणी शिकलो.

साहेबांनी नानांना पुढे बोलावलं. “तुम्ही जोडली?”

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी पॅनलकडे बघितलं. नाना म्हणाले, “पत्रा मी लाया, साहेब. शेवटला स्क्रू मना शे.”

साहेब धुळ्याचेच होते, त्यांना शब्द कळले. अर्थ कळला नाही. त्यांनी लिहून घेतलं की वायरमनने कबुली दिली. नानांनी कबुली दिली होती, पण स्क्रूची. पॅनल उघडं ठेवलं असतं तर एखादी बाई त्या पट्ट्यांना चिकटली असती, म्हणून त्यांनी पत्रा लावला होता. आतली वायर चुकीची आहे हे माहीत असून लावला, म्हणून त्यांच्या हिशेबाने दोष त्यांचा होता. माझी बाकीची पोरं तेव्हा दुसऱ्या साइटवर होती; तिथे हा नियम माहीत असलेला दुसरा माणूस एकच होता. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. स्क्रू त्यांचा आहे साहेब, वायर माझी आहे.

मी बोललो नाही. नानांनी खिशातून प्लॅस्टिकचं पाकीट काढून साहेबांच्या हातात दिलं. परमिट रद्द झालं. मला देखरेखीत हलगर्जी केल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. शिरपूरचं काम मिळालं, ते मी चांगलं केलं. तिथे सर्व लोड ईएलसीबीमधून जात होता. इंदूबाईंना भेटायला मी सिव्हिल हॉस्पिटलात गेलो होतो. हात जोडून म्हणालो, “आमच्या माणसाकडून चूक झाली.” हेही मी लिहून ठेवतो.

नाना पिंपळनेरला परत गेले. ते गेल्यावर माझ्या माणसांनी शेवटच्या स्क्रूची थट्टा बंद केली. पत्रा कोणीही लावायचा आणि निघायचा.

सात-आठ वर्षांनी मी पिंपळनेरला गेलो. मुद्दाम, एसटीने, एकटा. वाटेत ते वाक्य मनात घोकत होतो. बाजाराच्या कडेला नानांचं छोटं दुकान होतं. पंखे, मिक्सर, इस्त्र्या. दुरुस्तीला परमिट लागत नाही.

“भाऊ! या, बठा. कसं काय येनं कयं?”

“सहज. साक्रीला काम होतं.” काम नव्हतं.

त्यांनी चहा सांगितला. माझ्या मुलांची चौकशी केली. दुकानाच्या भिंतीवर मीटरशेजारी एक ईएलसीबी होता. एवढ्याशा दुकानाला तो सक्तीचा नव्हता. मी त्याच्याकडे बघतोय हे बघून ते हसले. “रडूबाई शे. पण मनी गुणी शे. उगाच रडस नही.”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात एक बाई मिक्सर न्यायला आली. नाना घाईने त्याचा तळ बंद करायला लागले. तीन स्क्रू लागले, चौथ्याची खाच त्यांना सापडेना. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. “भाऊ, माले आते खाच दिसस नही. येवढा स्क्रू लाई द्या.”

मी आत बघितलं, सगळं नीट होतं. स्क्रू पिळला. बाई मिक्सर घेऊन गेली. त्या मिक्सरची जबाबदारी तेवढी मी घेतली.

मग एसटीची वेळ झाली. नाना स्टँडपर्यंत सोडायला आले. नंतर दोन वर्षांनी ते गेल्याचं कोणाकडून तरी कळलं.

धंद्यातला धडा म्हणाल तर साधा आहे. संरक्षण देणारा स्विच पुन्हा पुन्हा पडत असेल तर स्विचला शिव्या देऊ नका, गळती शोधा. आणि टेस्ट रिपोर्टवर ‘होय’ लिहिण्याआधी पत्रा उघडून बघा.

बाकी ते वाक्य अजून तसंच आहे. पिंपळनेरला नेलं होतं, तसंच परत आणलं.

नाना, स्क्रू तुमचा होता. वायर माझी होती.