करारनाम्याचं सातवं कलम

गावाचं नाव लिहीत नाही. निपाणी आणि चिकोडीच्या मधलं, तंबाखूच्या पेठेचं गाव, एवढं पुरे. तिथल्या नगरपालिकेत मी कारकून होतो. माझं अक्षर चांगलं म्हणून महत्त्वाचे कागद माझ्याकडून लिहून घेत, आणि त्याचा मला नको इतका अभिमान होता.

प्लेगच्या साथी एकामागून एक येऊन गेल्यावर सगळ्यांचं लक्ष बाजारामागच्या गल्लीकडे गेलं. अरुंद गल्ली, एकमेकांना चिकटलेली घरं, मधोमध वाहणारं सांडपाणी. ही गल्ली पाडून नवी बांधायची म्हणून नगरसुधारणा समिती नेमली गेली. नगरपालिका आणि समिती यांच्यात करारनामा व्हायचा होता. नगरपालिकेनं कर्ज काढून समितीला रक्कम द्यायची, समितीनं घरमालकांना मोबदला देऊन घरं पाडायची, रस्ता आणि गटारं करायची, उरलेल्या जागेचे तुकडे विकून नगरपालिकेचे पैसे फेडायचे. दोन्हीकडची निम्मी माणसं तीच होती. सकाळी नगरपालिकेचे सभासद म्हणून बसायची, दुपारी पलीकडच्या खोलीत समितीचे म्हणून. मधे एक भिंत आणि दोघांना मिळून एक शिपाई.

त्या गल्लीत माझ्या थोरल्या बहिणीचं, आक्काचं घर होतं. मेव्हणे पहिल्याच साथीत गेले. मागल्या दोन खोल्यांत आक्का राहायची आणि पुढची मोठी खोली एका तंबाखूच्या व्यापाऱ्याला बोदं, म्हणजे तंबाखूचे बांधलेले मोठे गठ्ठे, ठेवायला दिली होती. त्या भाड्यावर तिचं चालायचं. कुणापुढे हात पसरला नाही तिनं, माझ्यापुढेही नाही.

माघात पहिला मसुदा माझ्या हातून गेला. त्यात स्पष्ट होतं, गल्लीतल्या सर्व घरमालकांना मोबदला. मी घरी जाताना वाट वाकडी करून आक्काकडे गेलो आणि मोठ्या तोऱ्यात तिला ही बातमी दिली. वर एक सल्लाही दिला. आमच्या भागात घर हलवायचं झालं तर मालक आपल्या हातानं उतरवतो. आधी कौलं, मग वासे, मग तुळया, शेवटी दाराची चौकट. चौकटीला हळदकुंकू लावून ती नव्या जागी नेतात. समितीचा कंत्राटदार पहारी घालून घर पाडणार, सागवान फोडणार आणि पडलेलं लाकूड स्वतः नेणार, हे मला कचेरीत कळलं होतं.

"आक्का, पावसाच्या आधी तू घर उतरून घे," मी म्हणालो. "लाकूड वाचंल. पैसं तर मिळत्यातच. त्यातनं नवा प्लॉट घिऊ, त्येच्यावर हीच चौकट लावू."

"कागदावर तसं हाय न्हवं?"

"मीच लिवलंय की."

होळीनंतर तिनं घर उतरवलं. व्यापाऱ्यानं बोदं दुसरीकडे नेली. तुळया, वासे, चौकट, सगळं माझ्या परसात आणून रचलं, शेजारी कौलांची चळत लावली. आक्का आमच्याकडे राहायला आली. गल्लीतल्या बाकीच्यांनी काही केलं नाही. ते बिचारे वाट बघत बसले, कारण कचेरीतलं सांगणारं त्यांचं कुणी नव्हतं.

करारनामा लांबत गेला. रकमेचे हप्ते किती, व्याज कुणी सोसायचं, यावर खल चालला होता. मसुदे या खोलीतून त्या खोलीत जात आणि तांबड्या शाईनं भरून परत येत. आषाढात तिसरा मसुदा माझ्यापुढे आला. त्यात सातवं कलम नवीन होतं. सहीच्या दिवशी उभ्या असलेल्या घरांचाच मोबदला समिती देईल, आणि गल्लीतली मोकळी जागा नगरपालिका समितीला विनामूल्य देईल. समितीला पडक्या भिंतींचे पैसे द्यायचे नव्हते, म्हणून ते घातलं होतं. आमची सगळी गल्ली गावठाणातली. घर ज्याचं त्याचं, पण खालच्या जमिनीचा कागद कुणाकडेच नव्हता. घर उभं तोवर जागा आपली.

खोटं कशाला सांगू, माझ्या लक्षात आलं होतं. टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून बसलो. हेडक्लार्क समोरच होते. उठून त्यांना सांगायला हवं होतं की एक घर मालकिणीनं स्वतः उतरवलंय, तेवढं एक वाक्य घाला. पण मग प्रश्न आला असता की कच्च्या मसुद्यातली बातमी बाहेर गेली कशी. नोकरी गेली असती. निदान मला तसं वाटलं. नंतर कुणाला तरी तोंडी सांगू, एका विधवेचं काम कोण अडवतंय, अशी मनाची समजूत घातली आणि सातवं कलम लिहून काढलं. मग आठवं लिहिलं.

श्रावणात सह्या झाल्या. मोजणीदार नकाशा घेऊन आला आणि आक्काच्या घराच्या जागी त्यानं 'मोकळी जागा' असं लिहिलं. मी हेडक्लार्कांकडे गेलो.

"आता ते समितीचं काम आहे," ते म्हणाले. "आपण रक्कम देऊन मोकळे झालो."

भिंतीपलीकडे समितीचे चिटणीस होते. ते म्हणाले, "मोकळी जागा आम्हाला नगरपालिकेनं दिली. तुम्ही त्यांनाच विचारा." दोघंही सभ्यपणे बोलले. महिनाभर मी या दारातून त्या दारात फिरत राहिलो. शेवटी शिपायालाही माझी कीव आली असावी, तो मला बघून उगाच पाणी आणून द्यायचा. बाकीच्या सगळ्या घरमालकांना दिवाळीच्या आत पैसे मिळाले.

मग आक्कानं मला समोर बसवलं आणि तो कागद वाचून दाखव म्हणाली. मराठी प्रत माझ्याजवळ होती. मी सातवं कलम वाचलं. 

"हे बी तूच लिवलंस?"

"व्हय."

"मग लिवताना वाचलं न्हाईस व्हय रं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाय आक्का. कामाची लई गडबड हुती. नुसतं उतरून काढलं."

तिनं मान हलवली. रागावली नाही. "हुतंय आसं," एवढं म्हणाली आणि चुलीकडे गेली. मला तिचा राग चालला असता. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, याची लाज अजून जात नाही.

आक्का माझ्या घरी बारा वर्षं राहिली. मोबदला तिला मिळाला नाही, त्यामुळे प्लॉटही झाला नाही. परसातल्या तुळयांना पुढे वाळवी लागली, तेव्हा मीच त्या फोडून जळणाला दिल्या. तिची एकुलती एक लेक लांब मच्छे गावी दिलेली. लेकीची पत्रं यायची आणि आक्काला वाचता येत नव्हतं. आधी पत्र आलं की ती माझी कचेरी सुटायची वाट बघायची. मी तो कागद वाचून दाखवल्यानंतर मात्र पत्र आलं की पदर सारखा करून ती चार घरं टाकून राहणाऱ्या मास्तरांकडे जायची. एकदा बायकोनं तिला विचारलं, घरात शिकलेला भाऊ असताना बाहेर कशाला जाता? मी आतल्या खोलीत होतो.

"त्येचं ध्यान नसतंय गं कागदात," आक्का म्हणाली. "लेकीचं काय चुकून ऱ्हायलं तर?"

मी बाहेर येऊन खरं सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, आणि नंतरही नाही.