बरणीतला ऑक्टोपस आणि भुशाचं हरीण

संग्रहालयात त्यांना सगळे भुसेकाका म्हणत. मेलेल्या जनावराच्या कातड्यात भुसा भरून ते पुन्हा उभं करायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं इमानेइतबारे केलं. बायको पलीकडच्याच खोलीत, मेलेले प्राणी औषधात जपून ठेवायच्या बरण्यांच्या विभागात कामाला होती. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

संग्रहालय लहान इमारतीत हलवायचं ठरलं तेव्हा संग्रहालयाच्या प्रमुख मॅडमनी त्यांना बोलावलं. "एकाच कपाटाची जागा उरलीय, काका. एक तर तुमचं ते जंगली हरीण, नाहीतर ऑक्टोपस. दोन्ही तुम्हाला ठाऊक आहेत. तुलना करून पानभर लिहून द्या. तुम्ही म्हणाल ते ठेवू."

ऑक्टोपस बायकोने बरणीत बसवलेला. आठही हात सुटे दिसावेत म्हणून ती आठवडाभर त्याच्याशी झटली होती. हरणाच्या मानेवरची शिवण उसवलेली, कानाला कसर लागलेली. देखणेपणात ते बरणीच्या पासंगालाही पुरत नव्हतं.

काका दुपारभर कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. मग लिहिलं: ऑक्टोपसला हाड नाही, हृदयं तीन. मादी हजारो अंडी घालते, ती फुटेपर्यंत अन्नाला शिवत नाही आणि मरते. तरी समुद्रात हा प्राणी पुष्कळ आहे, दुसरा मिळेल. हरणाची ही जात शिंगं कधी गाळत नाही, दाट झाडीबाहेर येत नाही. एका वेळी एकच पाडस. झाडी तुटली, आता अशी हरणं शंभरही उरली नसतील. दुसरं कातडं मिळणार नाही. हरीण ठेवावं.

संध्याकाळी त्यांनी मुलीला फोनवर सांगितलं.

"आईचं तेवढं एकच उरलं होतं तिथे, बाबा."

"खरं होतं ते लिहिलं."

"खोटं लिहा कोण म्हणत होतं? मला जमणार नाही म्हणायचंत. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं."

हे त्यांना सुचलंच नव्हतं.

बरणी घरी न्यायची परवानगी मिळाली नाही. आतलं औषध पेट घेणारं. ती रिकामी करायचं काम शिपायाकडे द्यावं, हे काकांच्या जिवावर आलं. त्यांनीच झाकण उघडलं, तो थंडगार गोळा दोन्ही हातांवर घेतला आणि मागच्या आवारात खड्डा करून पुरला.

नव्या इमारतीच्या उद्घाटनाला ते गेले नाहीत. मुलीचा फोन महिनाभर आला नाही. आला तेव्हा तिने, जेवलात का, एवढंच विचारलं.