दामिनीनं बैल जुंपले नाईत

माही नणंद दामिनी लय जिद्दी हाय, असं सारं नेरडीगोंडा म्हणते. जिद्दी कायची, हट्टी हाय हट्टी! मी लगीन होऊन या घरात आली तवापासून पाहून राह्यली ना. वांग्याच्या वाफ्यात निंदायले बसली तं वाफा संपल्याबिगर उठत नाई, मंग डोक्यावर ऊन येवो का पोटात कावळे ओरडो. आमचं घर भाजीपाल्याचं. सकाळी मेथी-पालकाच्या जुड्या बांधायच्या, हायवेवरच्या दुकानात मांडायच्या. दुपारी दुकान मी पाहायचं, अन् दामिनीबाई कॉम्प्युटरसमोर.

'रणगढी' म्हणून खेळ हाय. दोघं समोरासमोर. दोघांले एकेक गढी, पाच माणसं अन् दोन बैलगाड्या. जंगलातून लाकूड आणा, धान्य पिकवा, फौज उभी करा अन् समोरच्याची गढी पाडा. बुद्धिबळावाणी एकानं चाल करायची अन् दुसऱ्यानं वाट पाहायची, असं तिथं नाई. दोघांचंही संगच चालू असते. जो थांबला तो गेला. सुरुवातीले कोणाले कुठं धाडलं, त्याच्यावरच आर्धा डाव ठरते. आता हे मले कसं ठाऊक? तं तिले सरावाले समोर कोणीतरी पाहिजे म्हणून मलेच बसवलं. मी खेळते, हरते अन् उठून भाजी फोडणीले टाकते.

दामिनीची सुरुवात गाडीवाली. दोन्ही गाड्या सुसाट दूरच्या जंगलात न्यायच्या अन् बक्कळ लाकूड आणून गढीले तटबंदी घालायची. गेल्या साली आदिलाबादले आसपासच्या जिल्ह्याईचा सामना होता. जो जिंकीन तो हैदराबादले राज्याच्या सामन्यात खेळायले जाईन, जागा एकच. दामिनी शेवटच्या डावापर्यंत पोचली. समोर पंकज नावाचा भैंसा गावचा पोट्टा होता, कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरचा. त्याची सुरुवात घोडेवाली. बाकी सारं सोडून त्यानं पहिले चार घोडेस्वार केले अन् जंगलाच्या वाटेवर हिच्या गाड्या गाठल्या. गाड्या गेल्या, लाकूड गेलं, गढी गेली. मी तिथं बसल्या बसल्या त्या पोट्ट्याले अशा शिव्या घातल्या की बाजूची बाई उठून दुसरीकडं जाऊन बसली.

येतानी बसमधी मले वाटलं, आता रडते का काय. रडली नाई. खिडकीतून बाहीर पाहत म्हणे, "वहिनी, पुढच्या साली तोच समोर पाहिजे."

मंग सालभर तिनं दुसरं काई केलंच नाई. निंदणं झालं का खेळ, बाजार झाला का खेळ. घोडेस्वार आले तं गाड्या कोण्या वाटेनं वळवायच्या, याचे इतले प्रकार बसवले की माहे डोळे फिरले. आमचे मामंजी अमृतराव तं हसून म्हणत, "पोरीनं खऱ्या बोऱ्या-चांद्याले इतलं हाकललं नाई." बोऱ्या अन् चांद्या म्हणजे आमचे बैल.

अन् मंग हैदराबादवाल्यानं यंदाच्या आदिलाबादच्या सामन्याची तारीख कळवली. नेमका पोळा!

मी म्हणलं, असू दे, सकाळून खेळून येऊ, संध्याकाळी तोरणाखाली बैल न्यायच्या आत घरी. पण दामिनीचं ध्यान आवतणावर. आमच्या घरी पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याले तूप-हळद लावून मळतात, अन् कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. ज्यानं आवतण दिलं, त्यानं दुसऱ्या दिवशी बैलाले जू दाखवायचं नाई, हा या घरचा नेम. आवतण द्यायचं काम पोरगी होती तवापासून दामिनीचंच हाय.

ती म्हणे, "वहिनी, मी गाड्या जुंपणार नाई."

"कोणत्या गाड्या?"

"खेळातल्या."

मी कपाळाले हात लावला. "अवं माय! ते कॉम्प्युटरातले बैल हायेत! त्याईले शेण येते का? वैरण लागते का?"

"चाबूक तं माह्याच हातात हाय ना," ती म्हणे.

आता सांगा, याले काय बोलावं? सालभराची मेहनत एका शब्दात पाण्यात. मी दोन दिवस तिच्याशी बोलली नाई. तिले काय त्याचं? तिनं बिनगाडीची सुरुवात बसवायले घेतली. गढीच्या मागं बाभळीचं बारकं बन असते. त्यात लाकूड थोडं, लवकर संपते, म्हणून कोणी ढुंकून पाहत नाई. तिनं माणसं तिथंच लावली, डोक्यावर मोळ्या आणवल्या, अन् बन संपायच्या आत धान्याची शेतं गढीले खेटून घातली. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन समोर बसली. बसू नाई तं काय करू, घरातलं माणूस हाय शेवटी. त्या आठवड्यात मी तिले लय वेळा हरवलं. जल्मात पहिल्यांदा जिंकून राह्यली होती, पण जिवाले काई गोड लागत नव्हतं.

पोळ्याच्या सकाळी आदिलाबादले पोचलो. हॉल पोट्ट्यांनी भरेल, समोर मोठा पडदा. दामिनीच्या नखांत काल लावलेली हळद तशीच. पहिले सामने तिनं कसेबसे काढले. अन् शेवटी समोर कोण? पंकज! तीन डाव, दोन जिंकीन तो हैदराबादले.

पहिल्या डावात ती हरली. तिचं लाकूड कमी पडलं, तटबंदी आर्धीच झाली अन् त्याचे घोडे आत. बैल बापुडे गढीपाशी मोकळे बसून रवंथ करत होते. या खेळात गाडीले काम नाई दिलं तं बैल आपोआप सुटतात. तिथला एक माणूस येऊन म्हणे, "मॅडम, गाड़ी नहीं चल रही क्या? माउस ख़राब है?"

"माउस ठीक है," दामिनी म्हणे. मले तं जमीन फाटून पोटात घ्यावं असं झालं.

दुसऱ्या डावात पंकजनं पुन्हा घोडेस्वार जंगलाच्या वाटेवर धाडले. पहिल्या डावात लढायच्या घाईत त्यानं मोकळ्या बैलाईकडं पाह्यलंच नव्हतं, त्याले काय माहीत! तो गाड्या धुंडून राह्यला, या झाडामागं, त्या टेकडीमागं, अन् गाड्या काई भेटेनात. तवर दामिनीनं बाभळीच्या लाकडाचे भाले करून भालेकरी त्याच्या उघड्या गढीवर नेले. घोडे वापस येतात तवर गढी पडली. मी अशी ओरडली की घसा बसला.

एक-एक झाले. आता तिसरा.

तिच्या खुर्चीमागं वाकून मी हळूच म्हणलं, "दामिनी, आता तं जुंप. माह्या गळ्याची आण. आता तो जंगलात नाई जाणार, सीधा इकडं येईन." ती वळली बी नाई.

अन् तसंच झालं. पंकज हुशार. यावेळी त्यानं गाड्या लाकडाले लावल्या, अन् एकच घोडेस्वार हिच्या गढीपाशी काय चाललं ते पाहायले धाडला. तो घोडेस्वार बैलापाशी येऊन थांबला. दोन गाड्या उभ्या, चार बैल मोकळे, खाली मान घालून बसेल. घोडेस्वार हालेच ना. मी पडद्यावरून नजर काढून पंकजकडं पाह्यलं. त्यानं माउसवरचा हात काढला होता. त्या हाताच्या बोटांकडं पाहत होता. मी पाह्यलं तं त्याच्या बी नखांत पिवळी हळद!

मंग पडद्यावर त्याच्या दोन्ही गाड्या जंगलातून मागं वळल्या. लाकूड न भरता. गढीपाशी येऊन थांबल्या अन् बैल सुटले.

हॉलमधी कल्ला झाला. पोट्टे एकमेकाले विचारून राह्यले, "एमैंदिरा? काय झालं बे?" कोणाले काई समजलं नाई. मले समजलं.

पंकजची माणसं आता दूरच्या जंगलातून डोक्यावर मोळ्या आणू लागली. सारी वाट पायी. बाभळीच्या बनाचं त्याच्या ध्यानातच आलं नाई. त्यानं कधी असं खेळूनच पाह्यलं नव्हतं. दामिनीनं सोडलं नाई त्याले. तटबंदी, मंग भालेकरी, मंग धनुष्यवाले, एकामागं एक. दयामाया नाई. तो बी शेवटच्या माणसापर्यंत लढला. गढी पडली तवा त्याचे चार बैल तसेच बसेल होते.

माह्या डोळ्यांतून पाणीच थांबेना. दामिनी उठून त्याच्यापाशी गेली, मी मागं.

पंकज म्हणे, "ताई, काल आज्याच्या बैलांचे खांदे मीच मळले, आवतण बी मीच दिलं. अन् आज सकाळपासून जुंपूनच राह्यलो होतो. ध्यानातच आलं नाई पाहा. लाज वाटली मले."

दामिनी म्हणे, "परवा खेळू. दोघंही बैल जुंपून. तू जिंकला तं हैदराबादची जागा तुही."

मी तिचं मनगट धरलं. येडी झाली का ही? सालभर रक्त आटवलं, अन् हातात आलेलं असं वाटून राह्यली! पण खोटं काऊन बोलू, मनगट मंग मीच सोडलं.

पंकजनं मान हालवली. "नाई ताई. तुमी मले म्हणल्या होत्या का बैल सोड म्हणून? मी माह्या मनानं सोडले. तुमी जा. पण तिथं हरून आल्या तं मंग पाहा, भैंशाहून भांडायले येईन."

"नाई हरत," दामिनी म्हणे.

संध्याकाळी घरी बोऱ्या-चांद्या तोरणाखालून आले, आमी त्याईले ओवाळलं, पुरणपोळी चारली. दामिनी चांद्याच्या गळ्याले मिठी मारून किती वेळ उभी होती. मी आत गेली. कॉम्प्युटर चालूच होता, सकाळी निघतानी थांबवलेला सरावाचा डाव तसाच, तिच्या गढीपाशी चार बैल मोकळे. मी अजून बी म्हणते, ते चित्रंच होय, त्याईले ना पोट ना शेपूट. पण मी ताट वाढलं अन् त्याच्यासमोर ठेवलं. चार पोळ्या हिच्या बैलांच्या, अन् चार त्या भैंशाच्या पोट्ट्याच्या बैलांच्या.