सासूच्या तोंडचा शब्द

जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवून देणाऱ्या बाईंना अख्खी गल्ली टाचणीबाई म्हणायची. काम करताना त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, आणि टाचण्या काढल्या की त्या जे बोलत ते त्याहून टोचे. अशा बाईने साठी उलटल्यावर बायबलच्या मूळ भाषेच्या, प्राचीन हिब्रूच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. बाईंची भक्ती उतू चालली आहे, असं पाद्रीबाबांना वाटलं. बिचारे!

खरं कारण घरातच होतं. मुलगा जाऊन बरीच वर्षं झाली होती. विधवा सून दुकानात कापड बेतायची आणि घरी सासूचे दुखरे गुडघे चोळून द्यायची. आता समोरच्या चावीवाल्याने तिला सरळ लग्नाचं विचारलं होतं. टाचणीबाईंना घोर लागला. ही गेली तर आपल्याला कोण? पण 'जाऊ नकोस' म्हणायला जीभ रेटेना.

अशात एका प्रवचनात त्यांनी ऐकलं, की बायबलमधल्या एका विधवा सुनेने सासूला सोडलं नाही, आणि तसल्या वागण्याला 'हेसेद' असा शब्द आहे. बस्स! शब्द नीट शिकायचा, अर्थासकट सुनेच्या पुढ्यात ठेवायचा, की काम फत्ते.

शिकवणारे मास्तर मात्र भलतेच चिवट. "कोशात दया, कृपा, निष्ठा, सगळं मिळेल," ते म्हणाले. "त्याने भागायचं नाही. तो कोणाच्या तोंडी आलाय, कोणाला म्हटलाय, आणि बोलणाऱ्याच्या हाती तेव्हा काय उरलं होतं, ते बघून या."

टाचणीबाई चष्मा लावून बसल्या. उजवीकडून डावीकडे बोट सरकवत त्या कथेत शब्द शोधू लागल्या. सून सासूला बिलगते तिथेच तो असणार, याची त्यांना खात्री होती. तिथे तो नव्हताच. तो त्याच्या आधी होता, आणि चक्क सासूच्या तोंडी! नवरा गेलेली, मुलगे गेलेली ती बाई दोन्ही सुनांना माहेरी धाडत होती. तुम्ही आमच्याशी जशा वागलात तसा हेसेद देवाने तुमच्याशी करावा, पुन्हा नवऱ्याचं घर मिळावं, असं वर म्हणत होती.

"मेली!" टाचणीबाई तिच्यावरच उखडल्या. "आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा!" पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. शब्द हलला नव्हता. मग त्यांना रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. सुनेने जे इतकी वर्षं न मागता दिलं, त्याचाच दोर वळून आपण तिला बांधायला निघालो होतो.

सकाळी दुकानात त्यांनी विषय काढला.

"चावीवाल्याला काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं कालच." सून कापडावर कात्री चालवत राहिली. "तुम्हाला टाकून कुठे जाऊ, आई?"

"आवडतो का तुला? खरं सांग."

कात्री थांबली. सुनेने मान खाली घातली, पण कानापर्यंत लाल झाली ते काही लपलं नाही.

टाचणीबाई तरातरा रस्ता ओलांडून गेल्या. त्यांना बघून चावीवाला ताडकन उभाच राहिला.

"बाई, देवाशप्पथ, तुमच्या सुनेला मी पुन्हा काही विचारलेलं नाही!"

"कोणाची सून?" टाचणीबाई म्हणाल्या. "मी मुलीची आई. स्थळ घेऊन आलेय."